जुन्या लेन्ससाठी घरच्या घरी अ‍ॅडॅप्टर : पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत जा, रोलच्या जमान्यातला एखादा तरी फोटो स्टुडिओ सापडतोच. त्याच्या कपाटात झेनिट, पेंटॅक्स, याशिका नाहीतर निकॉनचा जुना कॅमेरा पडून असतो. शटर अडकलेलं, आतला फोम चिकट झालेला, मीटर मेलेलं. पण पुढची लेन्स पुष्कळदा धड असते, आणि तीच खरी किमतीची वस्तू असते. सगळी धातू आणि काच, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरणारी. अशी लेन्स आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये एक नळी लागते, तिलाच अ‍ॅडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नसते, सर्किट नसतं. असतं ते फक्त योग्य लांबीचं अंतर. ही नळी घरी बनवता येते. मी माझ्या लेन्ससाठी बनवली आहे, आणि पहिल्यांदा बनवणारा नेमका कुठे अडतो हे मला माहीत आहे म्हणून लिहितोय.

१. आधी ठरवा : बनवायचा की विकत घ्यायचा

एम४२ (४२ मिमी आट्यांचं) किंवा निकॉन एफसारख्या प्रचलित माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते त्या जोडाचा, अ‍ॅडॅप्टर काही शे रुपयांत तयार मिळतो. तुम्हाला फक्त फोटो काढायचे असतील तर तो घ्या, त्यात काहीच गैर नाही. बनवायचा कधी? लेन्स अशी असेल की जिचा अ‍ॅडॅप्टर कोणी विकतच नाही : डार्करूममधल्या एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची), स्लाइड प्रोजेक्टरची, जुन्या घडीच्या कॅमेऱ्याची. किंवा अंतराचा हा खेळ स्वतःच्या हाताने समजून घ्यायचा असेल तेव्हा.

माझा सल्ला असा की पहिला अ‍ॅडॅप्टर एम४२ चाच बनवा. आकडे ठाऊक असतात, लेन्सला स्वतःची फोकस रिंग असते, त्यामुळे काही चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं. खालचं सगळं त्या लेन्सला धरून आहे. एन्लार्जरच्या लेन्सबद्दल शेवटी लिहिलंय.

२. अंतराचं गणित

कॅमेऱ्याच्या माउंटच्या धातूच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. त्याला फ्लॅंज अंतर म्हणतात. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत मध्ये आरसा हलायचा, त्याला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठं होतं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, अंतर कमी झालं. या दोन अंतरांतला फरक म्हणजे तुमच्या अ‍ॅडॅप्टरची लांबी.

जुन्या लेन्सची अंतरं (मिमी) : एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, मिनोल्टा एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२.

मिररलेसची अंतरं (मिमी) : सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, एल माउंट २०, फुजी एक्स १७.७, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५.

म्हणजे एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, २७.४६ मिमी. निकॉन झेडवर २९.४६, कॅनन आरएफवर २५.४६, फुजीवर २७.७६. तुमचा आकडा काढून मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि कामाच्या जागी भिंतीवर चिकटवा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅडॅप्टर हवा त्यापेक्षा किंचित आखूड झाला तर चालतो, लांब झाला तर चालत नाही. आखूड झाला तर लेन्स अनंताच्याही, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसच्याही, थोडी पलीकडे फिरते, तुम्ही रिंग जराशी मागे आणता, काम भागतं. लांब झाला तर दूरचं कधीच स्पष्ट दिसत नाही, रिंग कितीही फिरवा. किती फरक पडतो ते बघा. ५८ मिमीची लेन्स आणि अ‍ॅडॅप्टर फक्त ०.१ मिमी लांब, तर साधारण ३४ मीटरपलीकडे फोकस जातच नाही. अर्धा मिलीमीटर लांब झाला तर ही हद्द पावणेसात मीटरवर येते, एक मिलीमीटर झाला तर साडेतीन मीटरच्याही आत. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून सिंधुदुर्ग किल्ला टिपायचा आणि तट सगळा पुसट, असं नको असेल तर मोजमापात कंजुषी नको. (सूत्र सोपं आहे : फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जास्तीची लांबी. तुमच्या लेन्ससाठी स्वतः करून बघा.)

म्हणून मी हिशेबी आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी आखूड धरतो. सोनीसाठी २७.३ च्या आसपास.

३. लेन्स पारखून घ्या

आटे नीट बघा. एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यास आणि दर आट्याला १ मिमी. पण टी२ माउंटच्या लेन्सचाही व्यास ४२ असतो, आटे मात्र ०.७५ चे, आणि तिचं अंतर ५५ मिमी. ती एम४२ च्या नळीत थोडी फिरते आणि मग अडकते. जोर लावलात तर दोन्हीकडचे आटे जातील. जुन्या झेनिटच्या काही लेन्स एम३९ च्या असतात, त्या ढिल्या बसतात. दोन वेढे फिरवून खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मागच्या बाजूला बारीक पिन आहे का बघा. ऑटो अ‍ॅपर्चरच्या एम४२ लेन्सला ती असते, आणि ती दाबली गेल्याशिवाय अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पाकळ्या मिटत नाहीत. लेन्सवर 'ए-एम' असा खटका असेल तर तो 'एम'वर ठेवा, प्रश्न मिटला. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सला पिनच नसते, सुरुवातीला तशीच लेन्स उत्तम.

मग बुरशी. आपल्याकडे हिच्यापासून सुटका नाही. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. कडेला एखादा ठिपका असेल तर फोटोत फारसं कळत नाही, पण मध्यावर जाळं पसरलं असेल तर लेन्स सोडून द्या. बुरशीची लेन्स घेतलीच तर ती तुमच्या बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

गावात काही मिळालं नाही तर मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आहे. कोणी चाकरमानी गणपतीला यायचे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि टॉर्चची ही युक्तीही सांगा.

४. साहित्य आणि हत्यारं

- कॅमेऱ्याची बॉडी कॅप, म्हणजे लेन्स नसताना माउंटवर लावायचं झाकण (जाड, टणक प्लास्टिकची. तुमच्या कॅमेऱ्यासोबत आलेली वापरू नका, वेगळी घ्या)
- एम४२ च्या एक्स्टेन्शन ट्यूबचा (लेन्समागे लावायच्या पोकळ नळ्यांचा) संच. तीन नळ्या येतात, बहुधा ७, १४ आणि २८ मिमीच्या
- २ मिमी काळं अ‍ॅक्रिलिक, हाताएवढा तुकडा (नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे कातरण मिळतं)
- शिमसाठी, म्हणजे अंतर भरायच्या पातळ चकत्यांसाठी, ओएचपी (पारदर्शक प्लास्टिक) शीट किंवा जुनी एक्स-रे फिल्म
- दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी, सावकाश सुकणारं
- डिजिटल व्हर्निअर कॅलिपर. हे मात्र हवंच, फूटपट्टीवर हे काम होत नाही
- ड्रिल, ३८ मिमीचा होल सॉ (गोल भोक पाडायची करवत), अर्धगोल कानस
- ४००, ८०० आणि १२०० नंबरचे पॉलिश पेपर, आणि ते पसरायला ५ मिमी काचेचा तुकडा
- शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग, किंवा काळी मखमल

एक्स्टेन्शन ट्यूब मिळाल्या नाहीत तर पीव्हीसी पाइपचीही नळी होते. ५० मिमीचा, म्हणजे बाहेरून ५०, पाइप हार्डवेअरच्या दुकानात कायम असतो. एम४२ ची मागची झाकणी घेऊन तिचा तळ कापला की आतले आटे तयार मिळतात, तो भाग पाइपला चिकटवायचा. मात्र पाइप काटकोनात कापणं ही खरी परीक्षा असते : कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिच्या दोन्ही कडा जुळवा आणि त्या कडेने रेघ मारा, मग कापा, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. पीव्हीसी कधीही तापवून वाकवायला किंवा जाळायला जाऊ नका, त्याचा धूर विषारी असतो.

थ्रीडी प्रिंट करून देणारं कोणी ओळखीत असेल तर तोही मार्ग चांगला. फक्त पीएलए नको म्हणून सांगा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी मागा.

५. कामाची जागा

पडवीत किंवा ओट्यावर बसून हे काम करावंसं वाटेल, पण खारा वारा आणि लाल धूळ दोन्ही आत येतात. आतल्या खोलीत बसा, पंखा बंद ठेवा, वर्तमानपत्र पसरा. आणि कॅमेरा त्या खोलीत आणूच नका. कानशीचा एक कण सेन्सरवर गेला तर अ‍ॅडॅप्टरच्या कितीतरी पट खर्च बसतो. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यावर लावून बघण्याआधी तुकडा साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा, ब्लोअरने फुंका, मग दुसऱ्या खोलीत जाऊन लावा.

६. बॉडी कॅप तयार करणं

कॅपचा मध्य काढा आणि ३८ मिमीचं भोक पाडा. फुल फ्रेम सेन्सरला एवढं हवं, नाहीतर कोपरे काळे पडतात. एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरना ३२ मिमी पुरतं. मायक्रो फोर थर्ड्सचं माउंटच लहान असल्यामुळे तिथे ३८ बसतही नाही. ड्रिल हळू चालवा. जोरात फिरवलं तर प्लास्टिक वितळतं आणि कड वर येते. भोक पाडून झालं की कॅपचा पुढचा चेहरा काचेवरच्या पॉलिश पेपरवर आठ आकड्यासारखा घासत सपाट करा. कंपनीचं नाव उमटवलेलं असतं ते पूर्ण जाईपर्यंत.

आता एक अडचण जी आधी कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या माउंटवर जी छोटी लॉकची पिन असते तिच्यासाठी बॉडी कॅपला बहुतेक वेळा खाचच नसते. कॅप फक्त घर्षणाने धरून असते. झाकण म्हणून ते चालतं, पण पुढे पाव किलोची लेन्स लटकणार असेल आणि तुम्ही फोकससाठी तिलाच फिरवणार असाल तर कॅप सुटून लेन्स खडकावर पडू शकते. म्हणून खाच करायलाच हवी. पिनच्या टोकाला मार्करची शाई लावा आणि कॅप लावून शेवटपर्यंत फिरवा. काढल्यावर कॅपच्या मागच्या बाजूला शाईची एक वक्र रेघ उमटलेली दिसते. ती जिथे संपते तिथे पिनच्या जाडीएवढं, दोन-अडीच मिलीमीटर खोल भोक पाडा, आरपार नको. पुन्हा लावल्यावर 'टिक' असा आवाज आला पाहिजे आणि लॉकचं बटण दाबल्याशिवाय कॅप हलता कामा नये.

हे नीट जमत नसेल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटची स्वस्तातली मॅक्रो ट्यूब (जवळचे फोटो काढायला लेन्समागे लावायची नळी) घ्या आणि तिचं मागचं कडं वापरा. त्याला लॉकची खाच आधीच असते. थोडे जास्त पैसे जातात, पण जड लेन्ससाठी मी हाच मार्ग सुचवेन.

७. नळी बसवणं

७ मिमीच्या नळीच्या मागचे बाहेरचे आटे काढून टाकायचे, म्हणजे तिचा सपाट खांदा कॅपच्या चेहऱ्यावर टेकेल. हे कानशीने होतं, पण लेथवर सुबक होतं. कुडाळ किंवा रत्नागिरीत मिरजोळेच्या एमआयडीसीत, नाहीतर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये लेथ असते. तिथे गेल्यावर फोटोग्राफीबद्दल काही सांगायची गरज नाही. 'मेस्त्री, हे आटे उडवून फेसिंग मारून द्या, दोन्ही तोंडं समांतर राहिली पाहिजेत' एवढं म्हणा. ते विचारतील, 'किती राखू?' त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर, मिलीमीटरमध्ये, आकृतीसह तयार ठेवा. काम लहान आहे म्हणून ते घाईगर्दीच्या दिवसांत नेऊ नका. मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिनांची कामं साचलेली असतात.

मग जोडणीचा क्रम : कॅप, तिच्यावर २ मिमी अ‍ॅक्रिलिकची चकती (मध्ये कॅपएवढंच भोक पाडलेली), तिच्यावर ७ ची नळी, त्यात १४ ची नळी. चिकटवण्याआधी सगळं नुसतं एकावर एक ठेवून मोजा. माप कसं घ्यायचं ते महत्त्वाचं आहे, कारण कॅपच्या मागे बायोनेटचे, म्हणजे माउंटमध्ये अडकणारे, दात असतात आणि ती टेबलावर सपाट बसत नाही. आधी दातांच्या टोकापासून लेन्स टेकते त्या तोंडापर्यंत पूर्ण उंची मोजा. मग दातांच्या टोकापासून कॅपच्या त्या कडेपर्यंत मोजा जी कॅमेऱ्याच्या कड्यावर टेकते. पहिल्यातून दुसरं वजा करा. आलेली लांबी हीच तुमच्या अ‍ॅडॅप्टरची खरी लांबी.

एक उदाहरण देतो. समजा घासल्यानंतर कॅपची जाडी ४.२ आली. नळ्या ७ आणि १४, बेरीज २१. अ‍ॅक्रिलिक २ चं म्हणून विकलं जातं पण पुष्कळदा १.८ च भरतं, म्हणून तेही मोजा. ४.२ अधिक १.८ अधिक २१, झाले २७.०. सोनीसाठी आपल्याला २७.३ हवेत, उरले ०.३. हे ०.३ आत्ता भरू नका, ते पुढे शिमने भरायचेत. चिकटवताना इपॉक्सीचा थरही थोडी जाडी खातो, त्यासाठी ही जागा मोकळी हवीच.

चिकटवण्याआधी चिकटणारी सगळी तोंडं ४०० च्या कागदाने खरखरीत करा आणि स्पिरिटने पुसा. सगळा डोलारा आटे आवळून, लेन्स लावून फिरवून बघा. लेन्सवरची खूण वरच्या बाजूला येईल अशा कोनात नळी कॅपवर चिकटवायची आहे. पेन्सिलने खूण करून मग लेन्स काढून ठेवा. इपॉक्सी पातळ लावा, वर काचेचा तुकडा आणि त्यावर पुस्तक ठेवून रात्रभर सोडा. पावसाळ्यात दोन रात्री द्या.

फेविक्विकचा मोह होईल. नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धूसर थर चढतो, आणि तो लेन्सवर बसला तर सगळी मेहनत वाया.

सुकल्यावर चार ठिकाणी, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, पुन्हा लांबी मोजा. चारही मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. असेल तर जी बाजू उंच तिकडे जरा दाब देत पुढचं तोंड काचेवर घासा.

८. अंतर जुळवणं

हा या कामाचा गाभा आहे, इथे वेळ द्या.

७ आणि १४ च्या नळ्यांच्या जोडात, म्हणजे आट्यांभोवती, ओएचपी शीटच्या चकत्या घालायच्या. एक चकती साधारण ०.१ मिमी. एक्स-रे फिल्म याच्या दुप्पट जाड. फिल्मवरचा काळा थर कोमट पाण्यात भिजवून घासला की निघतो. चकत्या या जोडातच घालायच्या, कारण तो कधीही उघडता येतो. उद्या दुसरी लेन्स लावलीत आणि तिचं अंतर किंचित वेगळं निघालं तर चकती काढली की झालं. १ मिमीच्या आट्यांमुळे दर ०.१ मिमीच्या चकतीमागे लेन्सची खूण ३६ अंश सरकते हे लक्षात ठेवा. एक-दोन चकत्यांनी खूण बाजूला गेली तर काही बिघडत नाही.

सुरुवात एकही चकती न घालता करा. कॅमेऱ्यावर लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मॅग्निफिकेशन (पडद्यावर चित्र मोठं करून बघायची सोय) सुरू करा आणि खूप दूरच्या वस्तूवर फोकस करा. लेन्सची रिंग अनंताच्या खुणेच्या थोडी अलीकडेच स्पष्ट दिसायला लागली तर लांबी कमी आहे, एक चकती घाला. असं करत जा. अनंताच्या खुणेला पोचता पोचता, अगदी केसभर आधी, फोकस लागला की थांबा.

दूरची वस्तू कुठली? दुपारी समुद्राकडे बघून हे करू नका. तापलेल्या पाण्यावरची हवा हलत असते, सगळंच थरथरतं, आणि चूक लेन्सची की हवेची ते समजत नाही. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आसपास दिसतं. एवढं अंतर भरपूर झालं, पण पाण्याची कड फोकससाठी वाईट असते, तिला बारकावा नसतो. पहाटेची वेळ घ्या. किल्ल्याचा तट, खाडीपलीकडची माडांची रांग, जयगडचा किंवा देवगडचा दीपगृहाचा मनोरा, असं काहीतरी कडा असलेलं शोधा. सगळ्यात नेमकी चाचणी रात्रीची. चंद्र, ठळक तारा, किंवा समुद्रात मासेमारीला गेलेल्या ट्रॉलरचे दिवे. दिव्याचा ठिपका लहानात लहान झाला की फोकस बरोबर. बंदीच्या दोन महिन्यांत ट्रॉलर नसतात आणि आकाशही भरलेलं असतं, तेव्हा खाडीच्या पुलावरच्या दिव्यांवर काम भागवा.

९. कॅमेऱ्यातली सेटिंग

लेन्स लावून बटण दाबल्यावर काहीच झालं नाही तर अ‍ॅडॅप्टर बिघडला असं समजू नका. नळीत वीजजोडणी नसल्यामुळे कॅमेऱ्याला लेन्स आहे हेच कळत नाही. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' किंवा 'शूट विदाउट लेन्स' अशा नावाचा पर्याय असतो, तो सुरू करा. मोड एम किंवा ए ठेवा. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कड्याने बदलायचं. फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी सोय) सुरू करा, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, नेमकेपणा मॅग्निफिकेशननेच येतो. कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. ५८ च्या जागी भलताच आकडा राहिला तर उलट जास्त हलल्यासारखं येतं.

१०. चिऱ्याच्या भिंतीची परीक्षा

लेन्स सेन्सरला बरोबर समांतर आहे का हे तपासायला आपल्याइतकी सोय कुणाची नसेल. गिलावा न केलेली जांभ्या चिऱ्याची भिंत शोधा. सरळ सांधे, आणि दर चिऱ्यावर बारीक भोकांचा खरखरीतपणा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला समांतर लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मधोमध फोकस करा आणि फोटो मोठा करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, जुन्या लेन्स अशाच असतात. एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा उलटा करून दुसरा फोटो घ्या. कॅमेऱ्याबरोबर मऊ बाजूही उलटली तर अ‍ॅडॅप्टर तिरका आहे, नाही उलटली तर भिंत आणि कॅमेरा समांतर नव्हते.

११. आतला काळोख

आमच्याकडचा उजेड प्रखर असतो, त्यात पाणी आणि वाळू चमकते. नळीच्या आत जराही चमक राहिली तर फोटोवर पांढुरका पडदा येतो. आत पॉलिश पेपर मारून फळ्याचा काळा रंग दोन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या, वास येईनासा होईपर्यंत. मखमल लावलीत तर परिणाम त्याहून चांगला, पण तिचे धागे सुटत नाहीत ना ते आधी चिकटपट्टी लावून ओढून बघा. मग अंधाऱ्या खोलीत नळीत टॉर्च घालून बाहेरून सांधे तपासा.

आणखी एक, उजेडाचीच गोष्ट. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. उघडी लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा टेबलावर ठेवलात तर भिंगाने कागद जळतो तसं आतल्या पडद्याचं नाहीतर सेन्सरचं नुकसान होऊ शकतं. सूर्यास्त टिपून झाला की लगेच टोपी लावा.

१२. वापर आणि जपणूक

हातात धरताना वजन लेन्सवर घ्या, कॅमेऱ्यावर नाही. ट्रायपॉडला कॅमेरा लावला असला तरी जड टेलिफोटोला खालून हाताचा आधार द्या. प्लास्टिकची कॅप ३०० ग्रॅमपर्यंतची लेन्स पेलते असं मी धरून चालतो, त्यापुढे धातूचं कडं.

किनाऱ्यावरून आल्यावर अ‍ॅडॅप्टर आणि लेन्सचं बाहेरचं अंग ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत मीठ बसलं की पांढरी पूड येते आणि दोन नळ्या एकमेकींत घट्ट होतात. स्क्रू वापरले असतील तर स्टेनलेस स्टीलचेच.

जून ते सप्टेंबर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा उपाय कोणी सांगेल, तो ऐकू नका, तांदळाची भुकटी फोकसच्या आट्यांत जाते. आणि चामड्याच्या जुन्या केसमध्ये तर ठेवूच नका, बुरशी तिथेच पोसली जाते.

१३. एन्लार्जरची लेन्स

एम४२ वर हात बसला की इकडे या. एन्लार्जरच्या लेन्सला बहुधा ३९ मिमीचे आटे असतात आणि स्वतःची फोकस रिंग नसते. तिच्यासाठी कॅप आणि लेन्सच्या मध्ये एक हेलिकॉइड लागतो, म्हणजे फिरवलं की लांबी बदलणारी नळी. १७ ते ३१ मिमीचा एम४२ हेलिकॉइड तयार मिळतो, आणि एम४२ ते एम३९ करणारं पातळ कडंही.

हिचं अंतर कुठल्या यादीत शोधू नका, स्वतः काढा. खोलीत उभं राहून, खिडकीबाहेर दूर दिसेल अशा दिशेने, लेन्स हातात माउंटपुढे धरा. मागेपुढे करा आणि दूरचं झाड स्पष्ट झालं की माउंटपासून लेन्सच्या खांद्यापर्यंत दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. कॅलिपरचं टोक माउंटच्या बाहेरच्या कड्याला लावा, आत नाही. आलेल्या मापातून कॅपची जाडी आणि हेलिकॉइडची सर्वांत कमी लांबी वजा करा. उत्तर शून्याच्या वर आलं तर तेवढी चकती घाला आणि सुरू करा. ऋण आलं तर त्या लेन्सने अनंत दिसणार नाही. ५० मिमीच्या लेन्सबाबत जागा अगदी काठावर असते, ७५ किंवा ८० मिमीची घेतलीत तर भरपूर जागा उरते. काठावरची ५० वाली मिळाली तरी टाकू नका. या लेन्स मुळात जवळच्या, सपाट गोष्टींसाठीच घडवलेल्या असतात, त्यामुळे आंब्याच्या मोहोरावर, शिंपल्यांवर किंवा खेकड्याच्या बिळाभोवतीच्या वाळूच्या गोळ्यांवर ती लावून बघा.